सायीखालचा कारभारी

पोटॅशियम मराठी माणसाच्या आयुष्यात दोनदा येतं. पहिल्यांदा शाळेत, प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटात, सोडियमच्या शेजारी, रॉकेलात बुडवून ठेवलेलं. पाण्याशी गाठ पडली की पेट घेतं, एवढीच त्याची ओळख करून दिली जाते आणि ती ओळखही दोन मार्कांपुरती असते. दुसऱ्यांदा येतं ते पन्नाशीनंतर, रक्ताच्या रिपोर्टात, पुन्हा सोडियमच्याच शेजारी. इथे त्याच्यासमोर ३.५ ते ५ अशी मर्यादा छापलेली असते आणि आपला आकडा त्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर हे पाहण्यासाठी घरातला प्रत्येक जण आपापला चष्मा शोधायला लागतो. मधली तीस-पस्तीस वर्षं हे गृहस्थ कुठे होते, याची चौकशी कोणी करत नाही.

ते घरातच होते. रोज सकाळी पिशवीतून येत होते, पातेल्यात तापत होते, कपात उतरत होते. फक्त त्यांच्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी माझं ब्लड प्रेशर मोजून झाल्यावर पट्टा सोडता सोडता सांगितलं, "मीठ कमी करा आणि आहारात पोटॅशियम वाढवा." ही बातमी घरी पोचायच्या आत सोसायटीत पोचली. पोटॅशियम म्हटल्यावर पहिल्या मजल्यावरून सल्ला आला, शहाळं. हे अपेक्षितच होतं. ज्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शहाळेवाला उभा नाही ते रुग्णालय आपल्याकडे कोणी गंभीरपणे घेत नाही. दुसऱ्या मजल्याने केळं सुचवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बटाटा म्हटलं आणि लगेच "पण तुम्हाला नको" अशी पुस्तीही जोडली. मी म्हटलं, "दुधातही असतं म्हणतात." यावर तिन्ही मजल्यांनी मला एकमुखाने दुरुस्त केलं, "दुधात कॅल्शियम असतं!"

असतं ना. कोण नाही म्हणतंय? पण गायीच्या एका लिटर दुधात कॅल्शियम भरतं साधारण सव्वा ग्रॅमच्या आसपास आणि पोटॅशियम भरतं साधारण दीड ग्रॅम. गायीच्या दुधातल्या खनिजांची वजनाप्रमाणे रांग लावली तर पहिला नंबर पोटॅशियमचा येतो. म्हशीच्या दुधात कॅल्शियम बरंच चढं असतं, त्यामुळे तिथे निकाल फिरू शकतो. म्हशीच्या बाबतीत एकूणच ठाम विधानं करू नयेत. पण गायीपुरतं बोलायचं तर दुधाच्या गावात कॅल्शियम हा पाटील आहे आणि पोटॅशियम हा कारभारी. फेटा पाटलाला, मान पाटलाला, ओटीवरची बैठक पाटलाची. दप्तर मात्र कारभाऱ्याच्या काखेत.

पाटलाचा मान वाढवण्यात जाहिरातवाल्यांचा हात मोठा आहे. जाहिरातीतली आई मुलाच्या हातात उंच पेला देते, मुलगा एका दमात तो रिकामा करतो, मिशीवर पांढरी रेघ ओढून भिंतीवरच्या पट्टीशी उंची मोजतो. हाडं मजबूत, दात मजबूत, बात पक्की. कॅल्शियमचं काम दिसतं. मुलगा वाढतो, दात पडतो, दात येतो, आजी घसरते, हाड मोडतं. आता पोटॅशियमसाठी अशी जाहिरात करून बघा. आई पेला पुढे करून म्हणणार, "बाळा, दूध पी, म्हणजे तुझ्या पेशींच्या पडद्यावरचा विजेचा दाब नीट राहील." बाळ पेला तिथेच ठेवून मामाच्या गावाला निघून जाईल.

आणि काम तर तेच आहे. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत बसलेलं असतं आणि सोडियमचा मुक्काम मुख्यत्वे बाहेर. आतबाहेरच्या या फरकावरच मज्जातंतूंचे निरोप जातात, स्नायू आखडतात-सैलावतात आणि हृदय ठेका धरतं. हा फरक टिकवायला प्रत्येक पेशीच्या पडद्यावर पंप बसवलेले आहेत. एका फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. सुट्टी नाही, जेवणाची वेळ नाही, चहाला टपरीवर जाणं नाही. हे पंप १९५७ मध्ये जगासमोर आणले जेन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने, तेही खेकड्याच्या पायातल्या नसांवर प्रयोग करून. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खेकड्याचा एकेक पाय निगुतीने सोलण्यात हयात घालवलेली माणसं कोकणात घरोघर आहेत. पण आपण नसेपर्यंत पोचण्याआधीच रश्शापर्यंत पोचतो.

मुळात हे पोटॅशियम हाती लागलं तेच धिंगाणा घालत. १८०७ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या दाहक पोटॅशमधून वीज सोडली आणि चांदीसारखे चमकणारे थेंब वर आले, काही तिथल्या तिथे पेटलेही. डेव्ही आनंदाने खोलीभर नाचला म्हणतात. हे पोटॅश पूर्वी लाकडाच्या राखेतून काढत. म्हणजे माझी आजी दुधाचं पातेलं राखेने घासायची तेव्हा पातेल्याच्या आतल्या पोटॅशियमची सोय गायीने केलेली असायची आणि बाहेरच्याची चुलीने. आजी काही नाचली नाही. तिला अजून ताटं घासायची होती.

इथे एखाद्या चौकस विद्यार्थ्याच्या मनात शंका येईल. पोटॅशियम पाण्यात पेटतं आणि दुधात तर ८७ टक्के पाणी, मग सकाळी सकाळी पिशवीचा स्फोट का होत नाही? कारण कपाटातलं पोटॅशियम धातूच्या रूपात असतं, एक इलेक्ट्रॉन कधी एकदा कोणाच्या गळ्यात मारतो या घाईत असलेलं. दुधातल्याने तो इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन टाकलेला असतो. देण्याघेण्यातून मोकळं झाल्यामुळे ते पाण्यात निवांत विरघळून राहतं. आणि मराठी घरात त्याचं नशीब फुटलं ते याच गुणामुळे. ते पाण्यात राहतं.

पाण्यात राहतं म्हणजे सायीत राहत नाही. दुधातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पोटॅशियम त्याच्या पातळ भागात विरघळलेलं असतं. स्निग्धांशाशी त्याचं गोत्र जमत नाही. आणि आपल्याकडे दुधाची सारी प्रतिष्ठा स्निग्धांशावर उभी आहे. दूध चांगलं की वाईट हे आपण चव घेऊन ठरवत नाही, तापवून गार झाल्यावर सुरीने ठरवतो. साय सुरीने कापावी लागली तर दूध उत्तम, चमच्याने निघाली तर बरं, आणि फुंकरेने बाजूला झाली तर दुधवाला बदलायचा. "आमच्याकडे सायीचा असा जाड थर येतो" हे सांगताना अंगठा आणि तर्जनी यांच्यात जे अंतर दाखवलं जातं ते दर ऐकणाऱ्यागणिक वाढतं. सगळी किंमत त्या थराची. त्याच्याखाली जे उरतं त्याचं नाव नुसतं दूध.

मग त्या सायीचं काय होतं ते पाहा. साय साठते, विरजते, रवीखाली जाते, लोणी निघतं. लोण्यात पोटॅशियम नावापुरतं. लोणी कढवून तूप झालं की नावापुरतंही उरत नाही. ज्या तुपाच्या बरणीला आपण देवघराच्या खालोखाल मान देतो, जी लग्न झालेल्या मुलीबरोबर पुण्याहून थेट न्यू जर्सीला कपड्यांत गुंडाळून जाते, त्या बरणीत पोटॅशियम औषधालाही सापडणं कठीण. ते सगळं मागे राहिलं ताकात. आणि ताकाची आपल्याकडे काय पत आहे? आलेल्या पाहुण्यांकडे बघून त्यात तांब्याने पाणी ओतलं जातं. दोन माणसं वाढली की दोन तांबे. त्याला आपण "ताक वाढवणं" म्हणतो. ताक वाढतं, पोटॅशियम तेवढंच राहतं, आणि शेवटच्या पंक्तीला कढीलिंबाची एक पोहणारी काडी आणि स्वच्छ सद्भावना एवढंच मिळतं.

ताकाला निदान वाटी तरी मिळते. श्रीखंडाचं बघा. पाडव्याच्या आदल्या रात्री दही पंच्यात बांधून नळाला टांगलं जातं. रात्रभर त्यातून पाणी टपकतं, आणि त्या टपटपण्याबरोबर पोटॅशियमचा बराच मोठा वाटा मोरीत जातो. सकाळी आपण घट्ट चक्का पाहून खूश होतो, त्यात साखर मिसळतो, वर केशर-वेलदोडा घालतो आणि वजन वाढलं म्हणून पुढचे सहा महिने गव्हाच्या पोळीला दोष देतो. पनीरचंही तेच. उन्हाळ्यात दूध नासलं की घरातल्या माणसांचे चेहरे आधी उतरतात आणि मग पनीर करायचं ठरल्यावर पुन्हा वर येतात. पनीर कढईत जातं. पिवळसर निवळ पाणी तुळशीत किंवा बेसिनमध्ये. त्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्येही जवळपास दुधाइतकंच, म्हणजे दीडशेच्या आसपास मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एरवी काटकसरीने दुधाची पिशवी कापून, विसळून, वाळवून ठेवणारं घर इथे इतकं उदार कसं होतं, कळत नाही. (त्या पाण्यात कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात, हे सांगणारी एखादी मावशी प्रत्येक घराण्यात असते. तिचं ऐकण्याची आपल्याकडे पद्धत नाही.)

गावाकडे डेअरीवर गेलात तर हा अन्याय पावतीवर छापून मिळतो. पहाटे धार काढून किटल्या संकलन केंद्रावर येतात. मापाआधी नमुना यंत्रात जातो आणि मग सगळ्या गावात एकच प्रश्न, "फॅट किती लागली?" दर ठरतो फॅटवर आणि एसएनएफवर. गायीला ३.५ आणि ८.५, म्हशीला ६ आणि ९, हे आकडे शेतकऱ्याच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ असतात. फॅट दोन पॉइंट कमी लागली तर यंत्रावर, यंत्र चालवणाऱ्यावर, चेअरमनवर आणि गेल्या निवडणुकीवर संशय घेतला जातो. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेला घन भाग: प्रथिनं, साखर आणि शेवटी "इतर". त्या "इतर"मध्ये, दुधाच्या पाऊण टक्क्याच्याही आत, आमचा कारभारी बाकीच्या खनिजांबरोबर दाटीवाटीने बसलेला असतो. त्याच्यासाठी पावतीवर रकाना नाही. शहरात पिशवीवरही त्याचं नाव छापलंच पाहिजे असा नियम नाही. कॅल्शियम मात्र पिशवीवर ऐटीत झळकतं. पाटीलच तो.

मी हे सगळं आमच्या रतिबाच्या गवळ्याला समजावून सांगितलं. तो किटलीचं झाकण हातात धरून लक्ष देऊन ऐकत होता. "म्हणजे साहेब, खरी ताकद पाण्यात असते म्हणता?" त्याच्या डोळ्यांत मला एकदम फार मोठी उमेद दिसली. मी घाईघाईने म्हटलं, "अरे, दुधातल्या पाण्यात. नळाच्या नाही." तो म्हणाला, "साहेब, ते एकदा मिसळलं की वेगळं कसं ओळखणार?" प्रश्न विज्ञानाचा होता, उत्तर लॅक्टोमीटरचं होतं, आणि लॅक्टोमीटर आमच्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी सायीचा थर फुंकरेने बाजूला झाला.

गंमत अशी की दुधात पाणी घालण्याला प्रतिष्ठा मिळवून देण्याचं काम मुंबईतच झालं. म्हशीच्या घट्ट दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून फॅट खाली आणायची आणि दूध जास्त माणसांना, कमी दरात पुरवायचं, ही टोण्ड दुधाची युक्ती. तिचं श्रेय दारा खुरोडी यांना देतात. आरे दूध वसाहतीचे हेच ते खुरोडी, ज्यांना १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गवळी आणि खुरोडी यांच्यात फरक पावडरीचा. फॅट काढून घेतली तरी पावडरीत पोटॅशियम तसंच राहतं, त्यामुळे टोण्ड दुधात कारभाऱ्याचं काही बिघडत नाही. नुसत्या नळाच्या पाण्यात त्याचाही पत्ता पातळ होतो. पुरस्कार मिळायचा असेल तर पावडर घालावी.

आता जरा हिशेब. मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाला साधारण साडेतीन ग्रॅम पोटॅशियम जावं असं आपल्या आयसीएमआरचं म्हणणं आहे. जागतिक आरोग्य संघटनाही तेवढ्याच्या आसपास, किमान ३५१० मिलिग्रॅमवर बोट ठेवते. वरचे ते १० मिलिग्रॅम बहुधा जागतिक असल्यामुळे असावेत. गायीच्या दुधात १०० मिलिलिटरला साधारण १५० मिलिग्रॅम धरलं तर सगळी गरज दुधावरच भागवायला रोज सव्वादोन लिटरच्या पुढे दूध प्यावं लागेल. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. तिथल्या तालमीतल्या पैलवानाला हा हिशेब ऐकवला तर तो "आणि संध्याकाळचं?" असं विचारेल. आपल्यासारख्याने तो प्रयोग करू नये. घराबाहेर पडता येणार नाही.

केळ्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे, बटाट्यात चारशेच्या आसपास, शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरला अडीचशेच्या घरात. या स्पर्धेत दूध कुठल्याही फेरीत पहिलं येत नाही. मग त्याची एवढी भलामण कशाला? तर ते रोज येतं म्हणून. शहाळं आपण आजारी पडल्यावर पितो, तेही दुसऱ्याने आणलं तर. केळं उपासाला. दूध मात्र चहातून दिवसभर झिरपत असतं. एका कपात पन्नास-साठ मिलिलिटर दूध धरा, त्यातलं ऐंशीएक मिलिग्रॅम पोटॅशियम धरा. उठल्यावर एक, पेपरबरोबर एक, ऑफिसात साहेब नसताना एक, साहेब आल्यावर एक, कोणी आलं म्हणून एक, कोणी आलं नाही म्हणून एक. संध्याकाळपर्यंत एका मध्यम केळ्याहून जास्त पोटॅशियम बिनबोभाट पोटात गेलेलं असतं. अमेरिकेतही मोठ्या माणसांना पोटॅशियम कुठून मिळतं हे पाहिलं तेव्हा यादीत वर निघाले दूध, कॉफी, चहा आणि बटाटा. सुपरफूड वगैरे बाहेरच राहिले. म्हणजे ज्या सवयीबद्दल घरात रोज बोलणी खावी लागतात तिचा हिशेब शास्त्राच्या वहीत जमेच्या बाजूला आहे. अर्थात, हे वाक्य घरात म्हणून दाखवलं की "आणि साखर?" असा प्रतिप्रश्न येतो. तेव्हा ते मनातच म्हणावं.

पण पोटॅशियमचं खरं मराठी उत्तर म्हणजे शिकरण. आयत्या वेळी भाजी नाही, गॅस संपत आलाय, पाहुणा आपलाच आहे, अशा सर्व अडचणींवर या संस्कृतीने काढलेला तोडगा. दोन बरी केळी आणि वाटीभर दूध एवढ्यावर जवळपास एक ग्रॅम पोटॅशियम होतं, म्हणजे दिवसाच्या गरजेचा चौथ्याहून मोठा हिस्सा. रावेर-यावलच्या केळ्यांना, म्हणजे जळगावच्या केळीला, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिकरणीला कोणी काही दिलं नाही. उलट दूध आणि केळं हा विरुद्ध आहार आहे, असं घरातलं एक तरी माणूस शेवटचा घास तोंडात असताना सांगतंच.

माझ्या मेहुण्याने या विषयात स्वतंत्र संशोधन केलं आहे. त्याचं म्हणणं असं: पोटॅशियम हे मूलद्रव्य आहे, उकळून नष्ट होत नाही. बरोबर. दूध आटवलं की पाणी उडून जातं, पोटॅशियम उडत नाही. हेही बरोबर. म्हणजे दोन लिटर दूध आटवून एक लिटर बासुंदी केली तर तेवढ्याच वाटीत दुप्पट पोटॅशियम. गणित चोख. आणि दूध आणखी आटवून त्याचा खवा केला, खव्याचे पेढे केले तर? "दाजी," तो साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स उघडत म्हणाला, "हे ब्लड प्रेशरचं औषध आहे." तर्कात कुठेही भोक नव्हतं. साखर आणि फॅट या दोन साक्षीदारांना बोलवायचंच नाही असं ठरवलं की कोणताही खटला जिंकता येतो. मी एक औषध घेतलं. त्याने चार घेतली.

सोसायटीत याची चर्चा पसरल्यावर आमचे एक शेजारी, ज्यांनी गच्चीवर मोबाइलचा टॉवर येऊ नये म्हणून तीन सभा उधळल्या होत्या, गंभीर चेहऱ्याने आले. पोटॅशियम किरणोत्सर्गी असतं असं त्यांनी वाचलं होतं. खोटं नव्हे. निसर्गातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा अंश, दहा हजारांत एखादा अणू, पोटॅशियम-४० असतो आणि तो किरणं सोडतो. पेलाभर दुधात दर सेकंदाला दहा-बारा अणू फुटत असतात. ते पेल्याकडे बघायला लागले. मग मी त्यांना सांगितलं की माणसाच्या अंगातही शे-सव्वाशे ग्रॅम पोटॅशियम असतं, त्यातले चारेक हजार अणू दर सेकंदाला फुटतात आणि हे सगळं सृष्टीच्या आरंभापासून बिनधोक चाललेलं आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या हिच्यातूनही?" मी होय म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षांच्या संसाराचा उलगडा झाल्याचं समाधान होतं.

पोटॅशियम उकळून जात नसलं तरी उतू मात्र जातं. दूध गॅसवर ठेवून माणूस तिथेच उभा राहिला तर ते वर येत नाही, आणि बेल वाजली म्हणून दारापर्यंत गेला की येतं, याचा छडा विज्ञानाला लागायचा आहे. ओट्यावर सांडलेल्या त्या पांढऱ्या ओघळात पोटॅशियम सगळ्या हक्कांसह हजर असतं. रथसप्तमीला तर आपण अंगणात गोवऱ्यांवर दूध मुद्दाम उतू घालवतो, सूर्याला नैवेद्य म्हणून. कुठल्या दिशेला ओघळलं यावरून वर्षाचं भविष्य बघणारी माणसंही आहेत. एरवीच्या दिवशी ओघळ ओट्यावरच्या ज्या दिशेला जातो त्यावरून संध्याकाळच्या स्वयंपाकाचं भविष्य कळतं, आणि ते बहुधा खिचडी असतं.

एवढ्या कौतुकानंतर एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगायला हवी. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांच्यासाठी हा कारभारी अवघड पाहुणा ठरतो. धडधाकट मूत्रपिंडं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतात. ती अडली की ते रक्तात साठतं आणि ज्या हृदयाचा ठेका ते सांभाळतं तोच बिघडवतं, कधी कधी जिवावर बेतेपर्यंत. अशा रुग्णांना डॉक्टर केळं, शहाळं तर बंद करतातच, दूधही मोजून देतात. ब्लड प्रेशरच्या काही गोळ्याही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात आणि मिठाऐवजी म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत पोटॅशियम क्लोराइडच असतं. तेव्हा सोसायटीच्या तिन्ही मजल्यांचा सल्ला घ्यायला हरकत नाही, पण शेवटचा शब्द रिपोर्ट बघणाऱ्याचा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला गायीचं दूध प्यायला देऊ नये म्हणतात त्याच्या कारणांत हेही एक आहे. आईच्या दुधात पोटॅशियम गायीच्या दुधाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढंच असतं. बाळाच्या इवल्या मूत्रपिंडांना वासराचा खुराक झेपत नाही.

बाकीच्यांसाठी एक सामाजिक निरीक्षण नोंदवून ठेवतो. आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या साय कोणाच्या पानात गेली? आजोबांच्या, जावयाच्या, परीक्षेला बसलेल्या मुलाच्या. घट्ट सायीचं दही पुरुषांच्या पंगतीला, आणि मागून बसणाऱ्या बायकांना ताकभात. त्यांना वाटायचं आपल्या वाट्याला उरलंसुरलं आलं. १९९७ मध्ये अमेरिकेत डॅश नावाचा मोठा आहार-प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्लड प्रेशर उतरवायला त्यांनी लोकांना काय दिलं? भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं. ब्लड प्रेशर उतरलं. म्हणजे आपल्या घरच्या सुनांना जे नाइलाज म्हणून मिळत होतं तेच तिकडे औषध म्हणून मोजून दिलं गेलं. साय ज्यांच्या वाट्याला गेली ते पुढे डॉक्टरांकडे गेले. ताक ज्यांच्या वाट्याला आलं त्या त्यांना घेऊन गेल्या.

हा सिद्धांत मी जेवणाच्या टेबलावर जरा आवाज चढवूनच मांडला. स्त्रियांवर अन्याय करता करता पुरुषजातीने नकळत त्यांचं कल्याणच केलं, असा काहीसा समारोपही केला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग फ्रिजमधून सायीची वाटी काढली, ती आपल्या पोळीवर पसरली, वर साखर भुरभुरली, गुंडाळी केली आणि ताकाचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"आता थोडे दिवस," ती म्हणाली, "अन्याय आम्ही करतो. तुम्ही कल्याण करून घ्या."